बोट कोणाकडे

तुमचा चेहरा दिसणार नाही, असं त्या बाईला मीच सांगितलं होतं. वर्धा नदीच्या काठचं गाव, हजारभर वस्ती, 2019 चा हिवाळा, कापसाचा दुसरा वेचा सुरू. दिल्लीहून आलेल्या तिघांना गावं दाखवायची, वऱ्हाडीचं हिंदी करून द्यायचं आणि बायांना बोलतं करायचं, एवढं माझं काम. दिवसाचे 1500 रुपये. घरात मार खाणाऱ्या बायांवर माहितीपट चालला होता. दिग्दर्शक बाई सज्जन होती, घाई करणारी नव्हती. तिनं खिडकीकडे पाठ करून त्या बाईला बसवलं, चेहरा पार काळा पडला. आवाज नंतर बदलणार होते. बोलता बोलता बाईनं उजवा हात पदराखालून बाहेर काढला. मधलं बोट पेरापासून बाहेरच्या अंगाला वळलेलं. नवऱ्यानं बैलबंडीची उभारी, म्हणजे दांडा, उगारली तेव्हा तिनं हात आडवा घातला, तेव्हाचं ते. कॅमेरावाला हळूच पुढं सरकला आणि मी म्हटलं, "हात थोडा उजेडात धरता का ताई?" तिनं धरला.

फिल्म पुढच्या वर्षी कुठल्याशा महोत्सवात लागली. लोक हादरून गेले, असा मला मेसेज आला. गावात ती पोचली तीन मिनिटांची क्लिप होऊन, पानठेल्यावर बसणाऱ्या एका पोराच्या मोबाइलवर. चेहऱ्याची कोणाला गरजच पडली नाही. ते बोट गावाला पाठ होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात तिनं त्याच बोटानं पुऱ्या लाटल्या होत्या. बचत गटातल्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं, जेठानं आवारातल्या नळावर तिला पाणी भरू दिलं नाही. बाजाराच्या दिवशी ती मला एसटी स्टँडवर भेटली. रागावली नव्हती. म्हणाली, "तुमी तं चालले जाता ताई. मले अठीच राहा लागते."

तेव्हापासून असा कुठला माहितीपट आला, कोणाला बक्षीस मिळालं, की मला आधी ते बोट दिसतं. तरीही असे माहितीपट काढूच नयेत, या मताची मी नाही. आमच्याकडे ते मत फार जोरात मांडलं जातं, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

गावाची बदनामी होते, हे पहिलं वाक्य. बाहेरचे येतात, आमच्या घरातलं धुणं चव्हाट्यावर आणतात, पैसे कमावतात, हे दुसरं. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिल्यात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019-21 ची फेरी सांगते की महाराष्ट्रात दर चार विवाहित बायांमागे एकीनं नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या दर शंभर बायांतल्या 77 जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला काही सांगितलं. आईला नाही, बहिणीला नाही, शेजारणीलाही नाही. ज्या गावात एवढं न बोललेलं साचलं आहे, त्याची बदनामी कॅमेऱ्यानं होते म्हणणं म्हणजे विहीर नासल्याचा दोष पोहऱ्याला देणं. आणि बदनामी होते ती कोणाची, हेही बघा. ज्यानं उभारी मारली तो संध्याकाळी पारावर बसतो, पत्ते खेळतो, लग्नात वाढतो. नळ बंद झाला तो बोटवालीचा.

शहरातल्या हादरणाऱ्या लोकांशी मात्र माझं भांडण जास्त आहे. हादरणं ही मोठी स्वस्त गोष्ट आहे. याचा अनुभव आम्हाला पूर्व विदर्भात दरवर्षी येतो. धान कापून झालं, दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली: मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्यांच्या निमित्तानं गावोगाव मंडप, हजारोंची गर्दी, रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. या सगळ्या धंद्याचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. त्या नाटकांत सासरी छळलेली सून असते, दारुड्या नवरा असतो, टाकलेली बायको असते. तिचा हंबरडा सुरू झाला की मंडपभर पदर डोळ्याला लागतात. पुरुषही रडतात. घरी मारणारेही रडतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी गावात काय बदललं, हे त्या गावच्या बायांना विचारा. महोत्सवातल्या एअर कंडिशन हॉलात बसून रडणारा प्रेक्षक आणि थंडीत घोंगडी पांघरून रडणारा आमचा प्रेक्षक, यांत मला तिकिटापलीकडे फरक दिसत नाही.

त्याच देसाईगंजात एक पोलीस ठाणं आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथं एका आदिवासी मजूर पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही झाला नव्हता, हे सगळं चंद्रपुरात होतं. सत्र न्यायालयानं 1974 मध्ये पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं: पोरीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा त्याचा मथितार्थ. यानंतर जे झालं ते कुठल्याही कॅमेऱ्याशिवाय झालं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी निकालपत्र ओळन्‌ओळ वाचलं आणि 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रानं देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयानं तेच धरून चालायचं, हे तेव्हा आलं. सुनावणी बंद दाराआड, हेही. पीडितेचं नाव छापायचं नाही, हे कलम 228अ सुद्धा तेव्हाचंच. आता न्याय संहितेत ते 72 झालं आहे.

जिच्या प्रकरणामुळे नावं झाकण्याचा कायदा आला, तिचंच नाव मात्र देशातल्या प्रत्येक कायद्याच्या पुस्तकात उघडं आहे. मी ते इथं लिहीत नाही. उपयोग काही नाही, पण लिहीत नाही.

मला त्या पत्रातलं एक समजून घ्यायला फार वेळ लागला. त्या चौघांनी पोरीच्या दुःखाचं वर्णन करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी न्यायाधीशांच्या वाक्यांवर बोट ठेवलं. उघडकीला आणायचं ते तिथं होतं. तिच्या अंगावर नव्हतं.

त्याच निकालात वैद्यकीय तपासणीचा आधार होता. दोन बोटं सहज गेली, म्हणजे पोरीला सवय होती. हे 'दोन बोटांचं' शास्त्र पुढं कित्येक वर्षं आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या छापील फॉर्मवर तसंच राहिलं. डॉक्टर रकाना भरत, वकील तो कोर्टात वाचत. त्याविरुद्ध पद्धतशीर कागद उभा केला तोही विदर्भातच. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातल्या न्यायवैद्यक विभागानं या तपासणीला काहीही शास्त्रीय आधार नाही, हे 2010 च्या सुमारास अहवाल लिहून दाखवलं, प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. केंद्राच्या आरोग्य खात्याची नवी मार्गदर्शक तत्त्वं 2014 ची. सर्वोच्च न्यायालयानं ही तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा म्हणून सांगितलं, ते 31 ऑक्टोबर 2022 ला. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून 50 वर्षं. या पन्नास वर्षांत किती पोरींच्या तोंडावर अंधार पाडून किती फिल्मा निघाल्या असतील. त्या फॉर्मवर एकही कॅमेरा गेलेला मी पाहिला नाही.

फॉर्मचा माहितीपट कोण पाहणार, असं मला एका शूटिंगवाल्यानं विचारलं होतं. रास्त प्रश्न. पण मग माझ्या त्या बाईची गोष्ट पुरी सांगते.

मुलाखत झाल्यावर तिनं कोठीच्या फटीतून दुधाची एक प्लॅस्टिक पिशवी काढली होती. पिशवीत घडी घातलेले चार कागद. ठाण्यातल्या एनसीच्या प्रती. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद: पोलीस लिहून घेतात, हातात कागद देतात आणि कोर्टात जा म्हणतात. सहा वर्षांत चार. तिसरी त्या बोटाची. तिच्यावर लिहिलं होतं, किरकोळ वादातून हाताला मार. आता जुन्या दंडसंहितेचं कलम 320 कोणीही उघडून बघावं. हाड मोडलं की दुखापत गंभीर धरतात आणि गंभीर दुखापतीचा गुन्हा दखलपात्र असतो. नवऱ्याच्या छळाचं 498अ, तेही बाईनं स्वतः तक्रार दिली की दखलपात्रच. मग एनसी का? कारण हाड मोडल्याचा कागद नव्हता. ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी एक्स-रे काढणारा नव्हता, म्हणून ती हाडवैद्याकडे गेली, आणि हाडवैद्याच्या पट्टीची पावती मिळत नाही. बोट वाकडं बसलं ते त्याच्यामुळेच.

म्हणजे बघा, गोष्ट त्या पिशवीत होती. बोटानं फक्त दुखल्याचं कळतं. दुखलेलं दाबलं कसं जातं, कोणाच्या शिक्क्यानं, कोणत्या रिकाम्या खुर्चीमुळे, हे त्या चार कागदांत होतं. ते आम्ही उलटून पाहिले आणि परत दिले. दिग्दर्शक बाई म्हणाली, कागद पडद्यावर मेल्यासारखे दिसतात. मीही मान डोलावली. मला तेव्हा एनसीचा अर्थ नीटसा कळत नव्हता, हे माझं मी कबूल करते.

कागदाच्या जोडीला दुसरी जागा म्हणजे बैठक. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत, मिटवणाऱ्या गावाला बक्षीस. बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणाला हे उत्तमच. पण ज्या गावाला तंटे नसल्याबद्दल पैसे मिळतात, त्या गावाला बाईचा मार हा तंटा म्हणून दिसेनासा होतो, हे समजायला फार हुशारी लागत नाही. मी अशा दोन बैठकांना हजर होते. बाई आत स्वयंपाकघरात. बाहेर तिचा भाऊ, सासरा, पोलीस पाटील, दोन जाणती माणसं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर 'यापुढे त्रास देणार नाही' असं लिहून नवऱ्याची सही. चहा. आणि त्या कागदाच्या जिवावर पुढची तक्रार ठाण्यात गेलीच तर तिला सांगायचं, मिटलं होतं ना बाप्पा तुमचं?

कॅमेरा इथं लावा. हे घडतं ते उघड्यावर, पंचांच्या साक्षीनं, कोणाला त्यात लपवण्यासारखं वाटत नाही. अभिमानानंच बोलतील.

असं केलेल्या फिल्मा आहेत आणि त्या टिकल्या आहेत. पाकिस्तानच्या शरमीन ओबैद-चिनॉय यांनी बापानं आणि काकानं गोळी घालून नदीत टाकलेल्या आणि तरी वाचलेल्या एका मुलीवर लघुमाहितीपट केला, त्याला 2016 मध्ये ऑस्कर मिळालं. गोळीइतकाच त्यातला गाभ्याचा भाग होता माफीचा. कायद्यातच अशी वाट होती की घरच्यांनी माफ केलं की मारणारा सुटे, आणि मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी त्या पोरीला माफ कर म्हणून घेरतात. ती बैठक आणि आमची बैठक यांत भाषेचाच काय तो फरक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेनं माफीची वाट पुष्कळशी बंद केली. एका फिल्मनं ते झालं नाही, मधल्या काळात तिथं एका प्रसिद्ध तरुणीचा तिच्या भावानं खून केला आणि देश ढवळून निघाला. पण पंतप्रधानांच्या उपस्थितीत ती फिल्म दाखवली गेली होती, आणि कुठल्या कलमाला हात घालायचा, हे त्या फिल्ममुळे लोकांना आधीच माहीत होतं.

निशा पाहुजा यांचा 'टु किल अ टायगर' झारखंडच्या एका गावातला. 13 वर्षांची मुलगी, तिघे आरोपी, आणि मुलीचा बाप कोर्टात जायचं म्हणतो. गावातले लोक कॅमेऱ्यापुढे शांतपणे सांगतात की त्यातल्याच एकाशी तिचं लग्न लावून टाका, गावाची इज्जत राहील. हे बोलताना त्यांचे चेहरे उजेडात आहेत. मला ती फिल्म मोलाची वाटते ती या चेहऱ्यांसाठी. मुलीचाही चेहरा त्यात दिसतो. ती मोठी झाल्यावर तिनं स्वतः फिल्म पाहून तसं ठरवलं. तरी अल्पवयीन असतानाच्या गुन्ह्यातली ओळख उघड केली, म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलंच. तिनं ठरवलं हे मला मान्य आहे. आमच्याकडे ठरवायला तेवढी वर्षं आणि तेवढी साथ किती जणींना मिळेल, हा प्रश्न मी सोडून देऊ शकत नाही.

कारण झाकण्याच्या बाबतीत कायदाही अर्धाच पुरतो. लैंगिक गुन्ह्यातल्या बाईचं नाव झाकलेलं राहतं, लहान मुलांसाठीच्या पॉक्सो कायद्यात तर मुलीची शाळा आणि वस्तीसुद्धा सांगायची नाही. नवऱ्याच्या माराला असं कुठलं पांघरूण नाही. तिथं सगळं शूटिंगवाल्याच्या अकलेवर. आणि मुंबई-दिल्लीत बसून संपादन करणाऱ्याला हे सुचतच नाही की हजार वस्तीच्या गावात माणूस चेहऱ्यावरून ओळखायची गरज नसते. घरकुलाच्या भिंतीचा रंग पुरतो, दारातली बंडी पुरते, मागून ओरडणारी शेजारीण पुरते. आवाज बदलला तरी बोलण्याची ठेवण राहते. बोट तर राहतंच.

माझ्या मते या कामाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे मुक्काम. हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 ला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. ती आठवडाभर जगली, आणि तो आठवडा नागपूरच्या रुग्णालयाबाहेर टीव्हीच्या गाड्यांवरच्या छत्र्यांची रांग होती. 10 तारखेला ती गेली, रांग उठली. निकाल लागला दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, जन्मठेप. मधली दोन वर्षं तारखा, साक्षीदार, लॉकडाऊन. बातमीवाले येतात आणि जातात, तो त्यांचा धर्म आहे. माहितीपटवाल्यानंही तसंच केलं तर मग तो बातमीवाल्याहून वेगळा कशानं?

यवतमाळच्या बायांनी हे आधीच भोगलेलं आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, पॅकेज आलं, त्या आगेमागे गावागावांत कॅमेरे फिरले. काही घरांत तर अशी वेळ आली की बाहेर जीप थांबली की लेकरू आपसूक बापाचा फोटो खुंटीवरून काढून आईच्या मांडीवर ठेवी. बायांनी कुठं थांबायचं, कुठं डोळ्याला पदर लावायचा, हे शिकून घेतलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण दुःख सांगायची ती बांधीव पद्धत कॅमेऱ्यानं त्यांना शिकवली होती.

मुक्काम म्हणजे काय, तर गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली होती तसा. 1989 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरातल्या 92 बायांना स्त्रीरोग होतं आणि त्यासाठी पूर्वी तपासणी-उपचार झाले होते ते शंभरातल्या आठच जणींचे. जगभरच्या डॉक्टरांना एका आकड्यानं जाग आली. चेहरा एकीचाही लागला नाही. मोजायच्या आधी माणसं तिथं राहिली होती, उपचार देत होती, म्हणून बाया बोलल्या.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे ते लहानसं आहे. कापून-जोडून पक्की झालेली फिल्म बाईला एकटीला, तिच्या बोलीत समजावून दाखवल्याशिवाय कुठंही लावायची नाही, आणि तिनं त्या दिवशी नाही म्हटलं तर नाही. मुलाखत तिच्या गावात घ्यायची नाही, तालुक्याला घ्यायची. तिच्या खोलीतली एकही वस्तू फ्रेममध्ये नको, हाताचं गोंदणसुद्धा नको. तिचे शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकवले तरी चालतात, प्रेक्षकांना समजतात तेवढे ते मूर्ख नाहीत. आणि पैसे. साक्षीदाराला पैसे देणं अनैतिक, असं मला सांगण्यात आलं होतं. मला 1500 मिळत होते, गाडीवाल्याला 2200, तिला जाताना एक साडी. तिच्या तारखेला जायचं एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी दिली असती, तर नैतिकतेला कुठं खड्डा पडला असता?

एवढ्या अटींवर कोणी मला बोलावत नाही, हे सांगायला हरकत नाही. एकदा मात्र फोन आला होता, मुंबईहून. ती बोटवाली बाई पुन्हा बोलेल का, असं विचारत होते. मी म्हटलं, तिच्याकडे कागद आहेत, ते बघायचे असतील तर मी विचारून बघते. त्यांनी मेल करतो म्हटलं.

पिशवी अजून कोठीच्या फटीतच आहे. आता पाच कागद झाले आहेत. पाचवा यंदाच्या तान्ह्या पोळ्याचा.